कुंपणाला शेत किती दिसावं? डेटाबेस मॉनिटरिंगच्या एका मंजुरीची हकीकत

पार्श्वभूमी

कंपनी कोल्हापूरची, राजारामपुरीतली. काम दूध संस्थांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. गावोगावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतो, त्यावर दर पडतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं. पशुखाद्याची उधारी आणि कर्जाचा हप्ता वजा होऊन उरलेली रक्कम उत्पादकाच्या बँक खात्यात जाते. पूर्वी हा सगळा हिशेब संस्थेच्या ऑफिसातल्या एका संगणकावर असायचा, आता तो आमच्या सर्व्हरवर येतो. डेटाबेस सांभाळायला मायएसक्यूएल ८.०, एक मुख्य डेटाबेस आणि दोन रेप्लिका, म्हणजे त्याच्या चालू प्रती.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका समूहाने कंपनीत मोठा हिस्सा घेतला. पैसा आला, तशी शिस्तही आली. प्रॉडक्शनवर कुठलंही नवं सॉफ्टवेअर चढवायचं तर समूहाच्या सिक्युरिटी टीमची मंजुरी हवी, हा त्यातलाच एक नियम. इथली माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम बदललेला नाही.

अडचण

दिवाळीच्या आधी दूध उत्पादकाला 'फरक' मिळतो. वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे वाढीव रक्कम. हिशेब सोपा वाटतो, पण एका उत्पादकाच्या दिवसाला दोन नोंदी म्हणजे वर्षाच्या ७३०, आणि गाय-म्हैस दोन्ही असतील तर त्याच्या दुप्पट. २०२४ च्या दिवाळीआधी हे गणित आम्ही एकाच लांबलचक ट्रान्झॅक्शनमध्ये लावलं, म्हणजे सगळं मिळून एकदाच पूर्ण होणारं एकच काम. ते चालू असताना उत्पादकांच्या शिलकीच्या ओळींवर कुलूप पडलं. सकाळचं संकलन त्याच ओळींना हात लावणारं. प्रत्येक नोंद ५० सेकंद वाट बघायची आणि एरर देऊन परत यायची. मायएसक्यूएलची ही मूळची मुदत आहे, आम्ही ती कधी बदलली नव्हती.

साडेसहापासून सचिवांचे फोन सुरू झाले. "साहेब, कॅन दारात थांबल्यात, मशीन पुढं जाईना."

आमच्याकडे तेव्हा देखरेख म्हणजे आण्णांची स्क्रिप्ट. आण्णा आमचे सर्वांत जुने डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे. त्यांनी फार पूर्वी लिहिलेली ही स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी सीपीयू, मेमरी, डिस्क तपासून मेल पाठवायची. त्या सकाळी तिचे सगळे मेल 'ठीक आहे' असेच होते, आणि ते खोटंही नव्हतं. कुलपाची वाट बघत बसलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, सीपीयू खात नाही. खरं कारण अ‍ॅप्लिकेशनचे लॉग चाळून दोन दिवसांनी सापडलं. कोणती क्वेरी कोणाला अडवते आहे हे दिसणारं काहीतरी हवं, यावर नंतर कोणी वाद घातला नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, पैसे भरून घ्यायची क्लाउड सेवा. मंजुरीच्या दृष्टीने हाच सर्वांत सोपा मार्ग होता. अशा विक्रेत्याकडे आयएसओ २७००१ चं प्रमाणपत्र आणि एसओसी २ चा अहवाल, ही सुरक्षिततेची कागदपत्रं तयार असतात, प्रश्नावलीचे निम्मे रकाने तोच भरून देतो. पण बिल डॉलरमध्ये, दर सर्व्हरमागे, आणि क्वेरींची माहिती बाहेर जाणार.

दुसरा, आकडे गोळा करणारा प्रोमिथियस, त्याला मायएसक्यूएलचे आकडे पुरवणारा एक्स्पोर्टर आणि वर आलेख दाखवणारा ग्राफाना. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेला प्रोमिथियस आज सर्वत्र चालतो, त्याच्यावर शंका घ्यायला जागा कमी. पण क्वेरीच्या पातळीचं विश्लेषण आम्हाला स्वतः जुळवावं लागलं असतं.

तिसरा, पर्कोना या कंपनीचं डेटाबेसवर देखरेख ठेवणारं पीएमएम. ओपन सोर्स, आपल्याच सर्व्हरवर चालणारं, आत आकडे साठवायला व्हिक्टोरियामेट्रिक्स, क्लिकहाउस, पोस्टग्रेस आणि दाखवायला ग्राफाना बसवलेलं. क्वेरींचं विश्लेषण तयार मिळतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात सर्व्हरचा कंटेनर (सॉफ्टवेअरचं बंदिस्त गाठोडं) रूटशिवाय, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकाराशिवाय चालतो. आम्ही ते निवडलं.

चौथा पर्याय आण्णांची स्क्रिप्ट वाढवण्याचा. तो आम्ही बैठकीत हसण्यावारी नेला. त्याच्याकडे पुढे वळावं लागलं, पण वेगळ्या कारणाने.

पहिली चूक

अर्ज करायच्या आधीच आम्ही पीएमएम एका टेस्ट सर्व्हरवर चढवून पाहिलं. "नुसतं बघायला," असं म्हणून. त्या टेस्ट सर्व्हरवर दिवाळीचा गोंधळ पुन्हा घडवून पाहण्यासाठी प्रॉडक्शनच्या डेटाची प्रत ठेवलेली होती. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला, असं सॉफ्टवेअर विचारतं; ते टाळून पुढे जाता येतं, आणि आम्ही गेलो. वापरकर्ता अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या टीमच्या नेहमीच्या नेटवर्क स्कॅनमध्ये तो सर्व्हर सापडला. मेल दोन ओळींचा होता: हे काय आहे, आणि याच्या मागे कुठला डेटा आहे? त्याच आठवड्यात आमचा अर्ज त्यांच्याकडे पोहोचला. 'आम्ही सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेऊ' हे त्यातलं वाक्य त्या मेलच्या शेजारी ठेवून वाचलं गेलं असणार.

आम्ही तो सर्व्हर त्याच दिवशी बंद केला, डेटाची प्रत पुसली आणि काय घडलं ते एका पानावर लिहून पाठवलं. सबबी सांगितल्या नाहीत. नंतरचं काम पुढे सरकलं त्याला हे पान बरंच कारणीभूत आहे, असं मला वाटतं. पण पहिले दोन आठवडे आमच्या कुठल्याच उत्तरावर त्यांचा विश्वास नव्हता, हेही तितकंच खरं.

प्रश्नावली आणि 'लागू नाही'

मंजुरीच्या अर्जासोबतची प्रश्नावली विकतच्या सॉफ्टवेअरसाठी बनवलेली. विक्रेत्याचं नोंदणीकृत कार्यालय कुठे? करार संपल्यावर डेटा नष्ट केल्याची हमी कोण देणार? आम्ही ओळीने 'लागू नाही' लिहीत गेलो. अर्ज परत आला. शेरा होता: "इतकं लागू नसेल, तर लागू काय आहे ते लिहा."

तेव्हा राग आला. आज वाटतं, यापेक्षा नेमका शेरा मारता आला नसता. विक्रेता नसला म्हणून त्याने करायची कामं नाहीशी होत नाहीत. पॅच, म्हणजे दोषाची दुरुस्ती, आला हे कोण बघणार, अडचण आली तर कोण उठणार, ही सगळी कामं आपल्या अंगावर येतात. आम्ही लिहिलेल्या प्रत्येक 'लागू नाही'चा खरा अर्थ 'हे आम्ही करू' असा होता, आणि ते लिहायला आम्ही कचरत होतो.

दुसऱ्या फेरीत त्या सगळ्या रकान्यांत आमची नावं आली. एक मुख्य जबाबदार, एक पर्यायी. मुख्य म्हणून मी, पर्यायी म्हणून आमची ज्युनिअर डीबीए. कॉलवर ती म्हणाली, "पॅचचं मी बघतो की, मॅडम." पलीकडच्या मॅडम पुण्याच्या सिक्युरिटी टीमच्या, हा 'बघतो' कोण, म्हणून त्या स्क्रीनवर दुसरं नाव शोधू लागल्या. कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात हे सांगेपर्यंत कॉलवरचा ताण बराच उतरला.

परवान्याचा आणि एक्सझेडचा वाद

पीएमएमच्या सर्व्हरचा परवाना एजीपीएल, तिसरी आवृत्ती; हा ओपन सोर्सचा एक कडक परवाना. समूहाच्या कायदेविषयक माणसाला भीती, की हे वापरलं तर आपल्या दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचा कोडही उघडा करावा लागेल. एजीपीएलच्या १३ व्या कलमातली अट मूळ कोडमध्ये बदल करून तो नेटवर्कवरून लोकांना वापरायला देणाऱ्यासाठी आहे. आम्ही बदल करणार नव्हतो, आणि आमचं सॉफ्टवेअर त्याला जोडलेलंही नव्हतं. 'कोडमध्ये बदल करणार नाही' अशी अट लिहून विषय एका मेलमध्ये संपला.

दुसरा वाद जास्त रंगला. मॅडमनी मार्च २०२४ चं एक्सझेडचं प्रकरण काढलं. लिनक्सवर सर्रास असणाऱ्या त्या लायब्ररीत एका देखभालकर्त्यानेच मागचं दार बसवलं होतं. आम्ही लगेच म्हणालो, पण ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंडने, आणि तो पोस्टग्रेसचा डेव्हलपर. एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून त्याने माग काढला. कोड उघडा होता म्हणून ते शक्य झालं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर. तुमच्याकडे अर्धा सेकंद मोजणारं कोण आहे?"

त्याच अडचणीसाठी तर आम्ही अर्ज घेऊन आलो होतो, पण ते तेव्हा सुचलं नाही.

खरा पेच: हे सॉफ्टवेअर काय वाचू शकतं?

तिसऱ्या कॉलला प्रश्न आला, "हे आपल्या डेटाबेसमधलं काय वाचू शकतं?" आम्ही म्हणालो, फक्त मेट्रिक्स. क्वेरी किती, वेळ किती, कुलुपं किती. आमचा त्यावर मनापासून विश्वास होता.

"त्याच्या युजरला दिलेले अधिकार दाखवा."

आम्ही माहितीपत्रातली आज्ञा जशीच्या तशी चालवलेली होती. तिच्यात सर्व डेटाबेसवरचा सिलेक्ट, म्हणजे वाचण्याचा अधिकार होता, शिवाय प्रोसेस, रेप्लिकेशन क्लायंट, रिलोड आणि बॅकअप अ‍ॅडमिन हे अधिकारही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, याच युजरने लॉगिन करा आणि बँक खात्यांच्या टेबलातल्या पाच ओळी मागा. आण्णांनी टाइप केलं. चाचणीसाठी बनवलेला खोटा डेटा होता, तरी नाव, खाते क्रमांक, आयएफएससी सगळं स्क्रीनवर आलं. कॉलवर कोणी बोललं नाही. शेवटी आण्णाच म्हणाले, "कुंपणच शेत खाणार की हे."

लगेच दुसरा धक्का. पीएमएम प्रत्येक प्रकारच्या क्वेरीचा एक प्रत्यक्ष नमुना साठवतं, निदान सोपं व्हावं म्हणून. आमच्या क्वेरींत खाते क्रमांक थेट लिहिलेले होते, म्हणजे ते नमुन्यात, आणि तिथून डॅशबोर्डवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर शेतकऱ्याच्या खात्याची एक नवी प्रत एका नव्या ठिकाणी तयार होत होती, आणि ती कोणी मागितलेली नव्हती.

इथे तीन वाटा होत्या. एक, धोका मान्य करून डॅशबोर्ड फक्त तिघांना द्यायचा. दोन, मायएसक्यूएल ८.० मधली अंशतः अधिकार काढून घेण्याची सोय वापरायची: सगळीकडे सिलेक्ट, फक्त हिशेबाच्या स्कीमावर (टेबलांच्या गटावर) मनाई. आण्णांचा कौल याला होता, कारण सगळे आलेख चालू राहिले असते. पण उद्या कोणी नवी स्कीमा तयार केली की ती आपोआप उघडी. मनाईची यादी कोणीतरी आठवणीने वाढवत राहायची, आणि आठवणीवर चाललेल्या कामांचं आमच्याकडे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन, उलट करायचं: सिलेक्ट फक्त परफॉर्मन्स स्कीमावर, म्हणजे मायएसक्यूएल स्वतःच्या कामाचे आकडे ठेवतं त्या टेबलांवर; बाकीच्या कुठल्याच डेटावर नाही.

तिसरी वाट घेतली. क्वेरींची माहिती स्लो लॉगऐवजी (हळू क्वेरींच्या नोंदवहीऐवजी) परफॉर्मन्स स्कीमातून घ्यायचं ठरल्यावर रिलोड आणि बॅकअप अ‍ॅडमिनची गरजही संपली. परफॉर्मन्स स्कीमाच्या गोषवाऱ्यात आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. नमुने साठवणं डेटाबेस जोडतानाच बंद करता येतं, ते केलं. किंमतही मोजली. टेबलांच्या आकाराचे आलेख रिकामे झाले, कारण ज्या टेबलावर अधिकार नाही ते इन्फर्मेशन स्कीमात, म्हणजे टेबलांच्या यादीत, दिसतच नाही. डॅशबोर्डवरून क्वेरीचा आराखडा काढून बघायची सोय गेली. आण्णा दोन दिवस नाराज होते.

एक भोक तरीही राहिलं. प्रोसेसचा अधिकार असला की त्या क्षणी चालू असलेल्या क्वेरी आकड्यांसकट दिसतात, आणि परफॉर्मन्स स्कीमातही प्रत्येक गोषवाऱ्यामागे एक मूळ मजकूर असतो. पीएमएम तो साठवणार नाही, पण त्या युजरचा पासवर्ड ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येईल. हे आम्ही स्वतःहून लिहून दिलं. युजर फक्त लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच सर्व्हरवरून, जोडण्यांना मर्यादा, पासवर्ड दर तिमाहीला बदलायचा. उरलेला धोका समूहाच्या सुरक्षाप्रमुखांनी सही करून मान्य केला.

बाकीची कामं

कंटेनरची इमेज स्कॅन केली तर इशाऱ्यांची यादी हातभर लांब. एवढे घटक एकत्र म्हटल्यावर ते आलंच. ज्युनिअरने आठ दिवस बसून प्रत्येक इशाऱ्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या: तो भाग आपण वापरतो का, बाहेरून तिथे पोहोचता येतं का, दुरुस्ती कधीची. हे काम कंटाळवाणं होतं आणि सर्वांत जास्त गुण त्यालाच मिळाले. पुढे त्याच तक्त्याचा एसबॉमसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीसाठीही उपयोग झाला.

अपडेटचं बटण हवं तर वॉचटॉवर नावाचा सोबती कंटेनर लागतो आणि त्याला डॉकरचं (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) सॉकेट, म्हणजे त्याला आज्ञा देण्याचं दार, द्यावं लागतं. सॉकेट दिलं म्हणजे त्या यंत्रावर रूटच दिल्यासारखं. आम्ही बटणाशिवाय राहायचं ठरवलं. नवी इमेज आधी स्वतःच्या रजिस्ट्रीत, तिथून हाताने. टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती बनवणाऱ्याला पाठवणं, मुळात चालू असते, ती सेटिंगमध्ये बंद केली, आणि मॅडमच्या आग्रहाने सर्व्हरचा बाहेरचा रस्ता फायरवॉलवरही अडवला. डेटाबेस सर्व्हरवर नवं पोर्ट उघडायचं नव्हतं, म्हणून तिथला पीएमएमचा एजंट स्वतःहून माहिती पाठवतो ती पद्धत ठेवली. लॉगिनच्या नोंदी मध्यवर्ती लॉग सर्व्हरकडे, १८० दिवसांसाठी, कारण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग तितके दिवस ठेवायला सांगितले आहेत.

घरून डॅशबोर्ड बघायचा का, यावर खडाजंगी झाली. पुण्याचं म्हणणं, ऑफिसमधूनच. आमचं म्हणणं, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने हायवे अडवला तेव्हा ऑफिसला पोहोचणार कोण? व्हीपीएन आणि दुहेरी पडताळणीवर तडजोड झाली.

पॅचच्या मुदतीवर मात्र आम्ही चुकीच्या बाजूने भांडत होतो. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राफानात लॉगिनशिवाय सर्व्हरवरच्या फाइली वाचता येतील असा दोष निघाला होता. असं पुन्हा झालं तर किती दिवसांत पॅच? त्या म्हणाल्या तीन, आम्ही म्हणालो दहा. मग ज्युनिअरनेच विचारलं, "पॅच होईतोवर बंद ठेवला तर?" मॉनिटरिंग आठवडाभर बंद राहिलं म्हणून एकाही संस्थेचं दूध थांबत नाही. गंभीर दोष असेल तर तीन दिवसांत पॅच, नाहीतर सर्व्हर बंद, असं ठरलं. पाच मिनिटांत मिटलं.

परिणाम

अर्ज जूनमध्ये, मंजुरी सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात. एका वर्षासाठी, अटींसह. ऑक्टोबरमधला दिवाळीचा फरक सुरळीत गेला. पण त्याचं श्रेय पीएमएमला देणं खोटेपणाचं ठरेल. ते ट्रान्झॅक्शन आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्येच संस्थानिहाय तुकड्यांत तोडलं होतं. फरकाच्या रात्री कुलुपांचा आलेख सपाट दिसत होता एवढंच, आणि आण्णा लवकर झोपायला गेले.

प्रत्यक्ष फायदा दुसरीकडे झाला. पहिल्याच आठवड्यात दिसलं, की सकाळी सातच्या सुमाराला सचिव जो संकलन अहवाल उघडतात तो पूर्ण टेबल वाचत होता. अटीत वेळेच्या रकान्यावर तारीख काढण्याचं फंक्शन लावलेलं, त्यामुळे पटकन शोधायला असलेला इंडेक्स निकामी. तारखेची हद्द घालून अट नव्याने लिहिली. क्वेरीचा आराखडा डॅशबोर्डवर मिळत नाही, म्हणून आण्णांनी स्वतःच्या लॉगिनने काढला. चार मिनिटं जास्त लागली. अ‍ॅलर्ट मात्र आम्ही सुरुवातीला हावरटासारखे लावले, महिन्याभरात कोणी वाचेना, आणि बहुतेक काढून टाकावे लागले.

पुन्हा करायचं झालं तर

सिक्युरिटीकडे आम्ही निवड झाल्यावर गेलो. पर्याय मांडतानाच गेलो असतो, तर 'हे काय वाचू शकतं' हा प्रश्न पहिल्या आठवड्यात आला असता, आणि प्रोमिथियसचा पर्याय कदाचित टिकलाही असता. क्वेरीत खाते क्रमांक थेट का लिहिलेले आहेत, याकडे आम्ही अजूनही पुरेसं लक्ष दिलेलं नाही. पॅरामीटर वापरायचं काम अर्ध्यावर आहे. टेस्ट सर्व्हरवर खरा डेटा नेण्याबद्दल आता वेगळा नियम आहे, तो आमच्यामुळेच आला.

पुण्याच्या टीमनेही ओपन सोर्ससाठी वेगळी प्रश्नावली केली. तिचा पहिला प्रश्न आहे: याच्या युजरचे अधिकार इथे चिकटवा.

त्या नव्या प्रश्नावलीच्या शेवटी एक रकाना आहे: याआधी हे काम कशाने होत होतं? तो भरताना आण्णांची स्क्रिप्ट बाहेर आली. ती इतकी वर्षं डेटाबेसच्या रूट युजरने चालत होती, पासवर्ड फाइलमध्येच लिहिलेला, आणि तिला कधी कोणी मंजुरी विचारली नव्हती. मुख्य सर्व्हरवरून ती काढली आहे. एका रेप्लिकावर अजून चालू आहे, बिलाच्या तारखा सोडून काढायची ठरली आहे.